बरणीवाली आजी काल्पनिक आहे

१२ मार्च, बुधवार

वेबसाइट विकली गेली. दलालाच्या ऑफिसातून फोन आला, "मिझोकुची-सान, अभिनंदन. बत्तीस लाख येन, तेही नऊ दिवसांत."

ही माझी बारावी. आधी भाताचे कुकर, मग घडीच्या छत्र्या, गाद्या वाळवायची यंत्रं, असं करत नऊ वर्षं हाच धंदा चालला आहे. साइट उभी करायची, वर्ष-दोन वर्षं तिला खाऊपिऊ घालायचं, शोधात पहिल्या पानावर आली की चढत्या भावात विकून मोकळं व्हायचं. एकीसाठीही कधी जीव तुटला नाही. आज फोन आला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात कोंड्याच्या बरणीत कोपरापर्यंत हात घालून बसल्या होत्या. मी मधलं दार लोटून घेतलं आणि मग बोलले.

विक्रीला काढताना जी माहिती भरली ती इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे मलाच मी वेगळं सांगायला नको. "विषय: तांदळाच्या कोंड्यात मुरवलेल्या भाज्या. कोंडा कसा भिजवावा, आंबला तर काय करावं, याबद्दल वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. उत्तरं देणारी 'बरणीवाली आजी' हे पात्र काल्पनिक आहे. विशेष ज्ञान लागत नाही. आठवड्याला दोन तास पुरतात."

दोन तास खरे आहेत. ते माझे. पत्रं मोठ्या अक्षरांत छापून मी फ्रिजवर लावायची, सासूबाई बाजारच्या जाहिरातींच्या कोऱ्या पाठीवर उत्तरं लिहायच्या, आणि मी ती टंकायची. त्यांना या कामाला किती तास लागत होते, ते मी कधी पाहिलं नाही.

त्यांना सांगायचं आहे. महिनाअखेर हिरोफुमी नागोयाच्या नोकरीवरून घरी येईल तेव्हा दोघं नवरा-बायको मिळून सांगू.

१ एप्रिल, मंगळवार

साइटच्या किल्ल्या नव्या मालकाला दिल्या. कुवाबारा म्हणून गृहस्थ आहेत, वय त्रेसष्ट, यावाताहामाला फेरीबोटीच्या तिकीटघरात एकतीस वर्षं काढलेले. निवृत्तीच्या पैशांतून साइट घेतली. त्यांचं पहिलंच पत्र दोन पानी. बायको गेल्या वर्षी गेली. तिची कोंड्याची बरणी होती, ती यांच्या हातून दोन महिन्यांत मेली, म्हणून बारा साइट बघून हीच निवडली. "तिच्यासाठी नाही जमलं, निदान दुसऱ्यांच्या तरी वाचवू." मला हे सगळं कशाला सांगायचं? विकणाऱ्याला घेणाऱ्याचं दुःख माहीत नसलेलंच बरं.

हिरोफुमी आला, दोन दिवस झोपला आणि गेला. "तूच सांग की. तुझं काम आहे ते. आई तुझं ऐकते."

ऐकतात, म्हणून तर तोंड उघडत नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी हात पुसत विचारलं, "आजची पत्रं?"

"आज नाहीत, आई."

५ एप्रिल, शनिवार

"पाच दिवस झाले," सासूबाई कोबी चिरता चिरता म्हणाल्या, "अख्ख्या जपानात कुणाचंच काही बिघडलं नाही? सगळे एकदम शहाणे झाले वाटतं."

मी हसले. मग वर जाऊन एक पत्र लिहिलं. नागानोची गृहिणी, वय चौतीस. एक किलो कोंड्याला एकशे तीस ग्रॅम मीठ घातलं, काकड्या खारट होतात, काय करू? छापलं आणि फ्रिजवर लावलं.

सासूबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. कागद उलटा करून मागे बघितलं.

"एवढंच? आणखी काही नाही लिहिलं हिनं?"

"एवढंच आलंय."

"हं," म्हणाल्या, आणि जाहिरातीच्या पाठीवर लिहायला बसल्या. ताजा कोंडा दोन मुठी घाला, कोबीची बाहेरची पानं पुरा, दोन दिवसांनी काढून टाका. शेवटी नेहमीचं वाक्य: आधी हुंगा, मग विचारा. मी तो कागद वर नेला आणि खणात ठेवला. टंकून पाठवायला आता जागाच नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

करारात लिहिलंय, विकणाऱ्याने एक महिना मदत करायची. कुवाबारा-सान एक दिवसाआड फोन करतात. आज म्हणाले, "एक विचारू का? राग नाही ना येणार? तुम्ही हे सगळं शिकलात कुठून? आजीची जुनी उत्तरं वाचतो तेव्हा वाटतं, हिचे हात त्या बरणीतच आहेत."

"वाचून," मी म्हटलं. "जुनी उत्तरं चाळत राहा. सगळं त्यात आहे."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मी त्या बरणीत एकदाही हात घातलेला नाही. हाताला दिवसभर वास राहतो, कीबोर्डला लागतो. सासूबाई फुकुओकाला बहिणीकडे जातात तेव्हासुद्धा मी लांब दांड्याच्या चमच्याने ढवळते, आणि आल्या आल्या त्यांना ते कळतं. काही बोलत नाहीत, मुकाट्याने बाही वर सारतात.

फ्रिजवरची पत्रं सात झाली. काल साप्पोरोचा विद्यार्थी, आज गिफूची विधवा. विधवा कशाला केली कोण जाणे.

२६ मे, सोमवार

साइट आता माझी नाही, तरी रोज सकाळी उघडते. सवय आहे, दुसरं काय. आज प्रश्नांच्या पानावर सेन्दाईच्या एका बाईंचं पत्र होतं. "आंबट, दारूसारखा वास येतोय आणि वर पांढरा थर आलाय. ही माझ्या आईची बरणी आहे. आई फेब्रुवारीत गेली. मेली का हो बरणी?"

पांढऱ्या थराचं उत्तर मी स्वतः दहा वेळा तरी टंकलंय. तो विषारी नसतो. वरचा थर काढा किंवा ढवळून टाका, मीठ आणि राईची पूड घाला, तीन दिवस भाजी पुरू नका. एवढंच.

मदतीचा महिना तीस एप्रिलला संपला. मी साइट बंद केली आणि चहा केला.

२९ मे, गुरुवार

कुवाबारा-साननी सांगितलं, टाकून द्या. जुन्या उत्तरांत कुठेतरी काळ्या बुरशीबद्दल "टाकून द्या" आहे, तेच उचललं असणार. आणि खाली त्या बाईंनी लिहिलंय, "आज सकाळी टाकली. तीस वर्षांची होती. उत्तराबद्दल आभार."

आभार मानलेत बाईंनी.

मी पानासमोर तशीच बसून राहिले. तीन दिवस होते माझ्या हातात. एक ओळ पुरली असती, नाव न घालतासुद्धा पाठवता आली असती. का नाही पाठवली? एकदा पाठवली तर रोज पाठवावी लागेल, असं मनात आलं होतं. विकलेल्या साइटची फुकट चाकरी कोण करणार, असंही. हे मी खरंच मनात म्हटलं होतं, चहा ओतताना.

खालून सासूबाईंची हाक आली, "ओरिए, आजची पत्रं?"

१७ जून, मंगळवार

सासूबाई परवा ऐंशीच्या होतील. केक नको म्हणाल्या, ईल मासा हवा म्हणाल्या.

एक गोष्ट लिहून टाकते, कारण ती कुणालाच सांगितलेली नाही, हिरोफुमीलाही नाही. साइट मार्चमध्येच का विकली? भाव चढला होता हे खरं. पण जानेवारीत सासूबाईंना आठवडाभर ताप आला होता, उत्तरं थांबली होती, आणि साइट चार दिवसांत चार पायऱ्या खाली घसरली. तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसून ओला टॉवेल बदलत होते आणि डोक्यात विचार चालला होता की हे सगळं या एका हातावर उभं आहे, आणि हा हात ऐंशीचा होतोय. ताप उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी दलालाला फोन केला.

माणसाच्या उशाशी बसून मी मालाचा विचार केला.

११ जुलै, शुक्रवार

कुवाबारा-सानकडून उन्हाळी भेट आली. रीतसर कागद बांधलेला खोका, आत त्यांच्याकडच्या माशाच्या तळलेल्या वड्या. सोबत कार्ड: "आपण साइट माझ्या हाती सोपवलीत, त्यामुळे मला सकाळी उठायला कारण मिळालं. वाचक कमी होताहेत, तो दोष माझाच. शिकतो आहे."

शोधात साइट तिसऱ्या पानावर गेली आहे. आणि हा माणूस मला वड्या पाठवतो. शिव्या दिल्या असत्या तर दोन घास सुखाने गेले असते.

"कोण गं हे?" सासूबाईंनी विचारलं.

"कामातले. ओळखीचे."

"बरीच ओळख दिसते. यावाताहामाहून पाठवलंय." त्यांनी एक वडी मोडून खाल्ली. "चांगला मासा आहे. परतभेट पाठवायला हवी."

मी दुकानातून टॉवेल पाठवणार होते. पण त्या ऐकेनात. "ज्यानं खायला पाठवलं त्याला पुसायला पाठवतेस?" कार्ड टेबलावर राहिलं होतं, ते नंतर लक्षात आलं, पण सासूबाईंचा चष्मा आतल्या खोलीत होता.

१३ जुलै, रविवार

सासूबाईंनी पहाटे तांगा बाजारातून बांगडे आणले, कोंड्यात घालून दोन तास शिजवले. डबा गार करून, कागदात गुंडाळून, वर एक बंद चिठ्ठी चिकटवली. पत्ता मी लिहिते म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे, माझं अक्षर अजून बरं आहे."

चिठ्ठीत काय असणार? उन्हाळ्याच्या शुभेच्छा. पण पार्सल देऊन येताना मी दोनदा मागे वळून बघितलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

२० ऑगस्ट, बुधवार

नवल आहे. साइट सावरते आहे. कुवाबारा-सानची उत्तरं बदलली. काल कोणाला तरी लिहिलंय, "रंगाच्या डब्यासारखा वास येत असेल तर घाबरू नका, सकाळ-संध्याकाळ तळापासून ढवळा, वरचं खाली आणि खालचं वर." अगदी बरोबर. शेवटी "आधी हुंगा, मग विचारा" सुद्धा आलंय. जुनी उत्तरं मन लावून वाचली म्हणायची. माणूस हुशार निघाला. मी उगाच तीन महिने जिवाला लावून घेतलं.

छातीवरचा धोंडा जरा हलला. नव्या साइटचा विषय डोक्यात घोळतोय, चाकूला धार लावण्याचा.

सासूबाईंचं मात्र काहीतरी चाललंय. रोज सकाळी बरणी ढवळून झाली की टोपी घालून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जातात. परवा पन्नास पोस्टकार्डं आणली. हिरोफुमीला फोनवर सांगितलं तर तो हसला. "आईला मित्र मिळाला असेल. मिळू दे की."

"ऐंशीव्या वर्षी?"

"तुला काय त्रास आहे?"

त्रास काही नाही. मला विचारत नाहीत, एवढंच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

खोटी पत्रं आता सहज जमतात. ग्रॅम, टक्के, दिवस, सगळं नीट मांडते. आज कानाझावाची शिक्षिका. मुळा पिवळा पडतो, मीठ सात टक्के, फ्रिजमध्ये ठेवते.

सासूबाईंचं उत्तर: "मुळा पिवळा पडला तर पडू दे. तुमच्या घरात आणखी कोणी जाणतं माणूस आहे का? असेल तर मला लिहिण्याआधी त्यांना विचारलंत का?"

गेल्या आठवड्यातल्या उत्तरातही असंच काहीतरी होतं. "बरणी कोणापासून लपवून ठेवू नये, वास लपत नाही." प्रश्न होता वांग्याच्या रंगाचा. वय झालं आता, भरकटतात. मला वाईट वाटलं. मी खणातले सगळे कागद नीट लावून ठेवले, पस्तीस झालेत.

१० नोव्हेंबर, सोमवार

सासूबाईंचं मनगट सुजलंय. डॉक्टर म्हणाले, महिनाभर जोर नको. सकाळी मी चमचा घेऊन बरणीपाशी गेले.

"चमचा ठेव," त्या म्हणाल्या.

"आई, मला कामावर बसायचंय, वास..."

"मग राहू दे." त्यांनी डावी बाही वर केली आणि डाव्या हाताने ढवळायला लागल्या. वेळ लागत होता. मी तिथेच उभी होते. मदत केली नाही, निघूनही गेले नाही.

तरी पोस्टकार्ड लिहिलंच त्यांनी, डाव्या हाताने.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वर्षअखेरची भेट आली. संत्र्यांची पेटी, यावाताहामाहून. सही करून घेतली आणि नाव वाचलं.

मिझोकुची तोमिए-सामा.

माझं नाव नाही. सासूबाईंचं. मी कुवाबारा-सानना घरात सासू आहे हेसुद्धा कधी सांगितलेलं नाही.

सासूबाई आल्या, पेटी बघितली, एक संत्रं काढून सोलायला बसल्या. "यंदा साल पातळ आहे," म्हणाल्या. अर्धं माझ्यापुढे ठेवलं. मी खाल्लं. टपालपेटी, पन्नास पोस्टकार्डं, बांगड्यावरची ती चिठ्ठी, ऑगस्टपासूनची बरोबर उत्तरं, सगळं एकेक करून जागेवर येत होतं आणि मी संत्र्याच्या बिया मोजल्यासारख्या बशीत ठेवत होते. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी मी आठ महिने पीत होते.

विचारायला तोंड नव्हतं. सगळं त्यांना माहीत आहे का? सेन्दाईचं?

१४ डिसेंबर, रविवार

समोर बसून बोलता येत नाही. दोनदा खाली जाऊन आले. एकदा तर आंघोळीचं पाणी तापलंय, एवढंच सांगून परतले. मला येतं ते एकच. पत्र लिहिलं, मोठ्या अक्षरांत छापलं आणि फ्रिजवर लावलं.

"माझं वय चव्वेचाळीस, राहणार कोकुरा. सासूबाईंच्या बरणीतला कोंडा मी त्यांना न विचारता परक्याला विकला. विकताना सांगितलं की ही बरणी कोणाची नाही. ज्याने घेतली त्याला ती सांभाळता येत नव्हती. मे महिन्यात सेन्दाईच्या एका बाईंनी आईची बरणी वाचवायचा उपाय विचारला. मला उत्तर माहीत होतं. मी तीन दिवस गप्प बसले आणि त्यांनी ती टाकली. हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही. काय करावं?"

१६ डिसेंबर, मंगळवार

काल दिवसभर कागद तसाच होता. आज सकाळी त्याच्या शेजारी सुपरमार्केटच्या जाहिरातीची पाठ लावलेली होती. डाव्या हाताचं अक्षर. जसंच्या तसं उतरवते.

"पत्र मिळालं.

न विचारता दिलंत हे वाईट झालं. विचारलं असतं तर सासूबाईंनी दिलं असतं. आमच्या कोकुरात कोंडा मागायला आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही. विकत मात्र कोणी देत नाही.

सेन्दाईच्या बाईंचं जे झालं ते दुरुस्त होणार नाही. त्यावर मीठ, राई काही चालत नाही. तुम्हाला उत्तर माहीत होतं हे मला ठाऊक नव्हतं. ते वाचून मी काल जेवले नाही.

आणखी एक. एप्रिलपासून तुमची एकेचाळीस पत्रं आली. एकातही वास नव्हता. ज्याची बरणी बिघडते तो पहिल्या ओळीत वास लिहितो. तुम्ही ग्रॅम लिहिता. पहिल्याच पत्राला कळलं की ही बाई कधी बरणीत हात घालत नाही. मग जुलैत कार्ड वाचलं. मला लांबचं बिनचष्म्याचं दिसतं.

तरी मी उत्तरं देत राहिले. वाटलं, केव्हातरी खरा प्रश्न विचारेल.

रविवारी कुवाबारा-सान येतायत, दुपारच्या गाडीने. चहा ठेवून आत पळू नकोस. बसायचंस."

शेवटच्या दोन ओळींत "तुम्ही" गेलं आणि "तू" आलं. ती ओळ वाचून मी फ्रिजचं दार धरून रडले. दूध संपलंय हेही तेव्हाच दिसलं.

२१ डिसेंबर, रविवार

कुवाबारा-सान उंच आहेत, थोडे वाकलेले, तिकिटाच्या खिडकीतून बोलायची सवय असणार. हातात दोन एनॅमलचे डबे, रुमालात बांधलेले. सासूबाईंना बघून इतके खाली वाकले की मला वाटलं आता उठत नाहीत.

"उठा हो," सासूबाई म्हणाल्या. "पोस्टकार्डावर एवढे वाकत नाही तुम्ही."

"पोस्टकार्डावर जागा नसते, तोमिए-सान."

माझ्याकडे वळून त्यांनी तेवढंच वाकून नमस्कार केला. तो घेववेना.

मी चहा ठेवला. बसले. सासूबाई म्हणाल्या, "सांग."

सांगितलं. सव्वीस मे, पांढरा थर, चहा. मान खाली घालून सांगितलं, पण काही गाळलं नाही. कुवाबारा-साननी कप खाली ठेवला.

"उत्तर तर मी दिलं होतं," ते म्हणाले. "'टाकून द्या' हे शब्द माझे. मी माझ्या बायकोची बरणीही तशीच टाकली होती, वर पांढरं आलं म्हणून. ती मेलीच नव्हती, हे मला तोमिए-सानच्या तिसऱ्या कार्डावरून कळलं. त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. म्हणजे, साइट. मी तिला दुकान म्हणतो."

मी माफी मागितली. कपाळ चटईला टेकवून मागितली. पैसे परत करते म्हटलं.

"ते नको. दुकान चाललंय माझं." मग त्यांनी विचारलं, आवाज न चढवता, खरंच माहिती हवी असल्यासारखं, "जाहिरातीत तुम्ही लिहिलं होतं, विशेष ज्ञान लागत नाही. आजी काल्पनिक आहे. ते का लिहिलंत?"

माझ्याकडे उत्तर होतं, जूनपासून या वहीत होतं.

सासूबाई संत्रं सोलत होत्या. "मी मरेन म्हणून," त्या म्हणाल्या. "जानेवारीत तापले होते ना मी. खरी आजी असली की ती मरते. काल्पनिक असली की भाव टिकतो. हो ना गं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी खोटं बोलले असते.

"हो," मी म्हटलं.

बाहेर रॉकेल विकणारी गाडी गाणं वाजवत गेली. सासूबाईंनी संत्र्याची फोड तोंडात टाकली, चावली, बी काढली.

"हात धुऊन ये," म्हणाल्या. "साबण नको लावूस."

बरणी मधोमध आणून ठेवली. त्यांचं मनगट अजून बांधलेलं. मी बाही वर केली आणि हात घातला. वर थंड, आत कोमट, आणि तळाशी इतका दाट की बोटं ओढून घेतो. दोन डबे भरायचे होते. एक कुवाबारा-सानचा, एक सेन्दाईला पाठवायचा.

"तिच्या आईचा नाही होणार तो," सासूबाई म्हणाल्या.

"नाही होणार," कुवाबारा-सान म्हणाले. "तसं लिहून पाठवतो. तुम्ही काय केलंत तेही लिहू का?" हे मला.

"मी लिहिते," मी म्हटलं. "माझ्या नावाने."

"किती काढू, आई?"

"अर्धं."

"मग आपल्याला?"

"आपला वाढतो. तू रोज हात घातलास तर."

२२ डिसेंबर, सोमवार

साडेसहाला उठून बरणी ढवळली. सासूबाई शेजारी स्टुलावर बसून होत्या. "तळ राहिला. कडा पूस. कडेला राहिलं की तिथून बिघडतं." दोन्ही बाह्या भिजल्या.

सेन्दाईचं पत्र लिहिलं. सहा ओळींचं झालं. चार वेळा लिहिलं, कारण पहिल्या तीन वेळा मी त्यात स्वतःची बाजू मांडत होते. उत्तर येईलच असं नाही. मी त्यांच्या जागी असते तर दिलं नसतं.

कुवाबारा-साननी साइटवरची "पात्र काल्पनिक आहे" ही ओळ काढली. तिथे लिहिलंय: मिझोकुची तोमिए, वय ऐंशी, कोकुरा. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, वय कशाला घातलं.

फ्रिजवर आज एक पत्र आहे. कुवाबारा-साननी पाठवलंय, कोची शहरातल्या एका ट्रकचालकाचं. पहिली ओळ: "ओल्या मोज्यांसारखा वास येतोय." सासूबाई म्हणाल्या, तू लिही, मी बघते. मी लिहिलं, त्यांनी खोडलं. पुन्हा लिहिलं, अर्धं खोडलं.

तीनदा हात धुतले. वास गेलेला नाही. कीबोर्डला लागलाय, आणि या पानालाही लागला असणार.